एमएस आणि व्हिटॅमिन डी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

एमएसचं (मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती मेंदू आणि मज्जारज्जूवरच हल्ला करते तो आजार) निदान झालं की औषधांची नावं नीट पाठ होण्याआधीच कोणीतरी हमखास विचारतं, "डी तपासलंस का?" प्रश्न चुकीचा नाही. पण त्यापाठोपाठ येणाऱ्या सल्ल्यांत खरं आणि ऐकीव यांची चांगलीच सरमिसळ झालेली असते. ती इथे शक्य तितकी वेगळी केली आहे. मात्रा ठरवणं हे तुमच्या डॉक्टरांचं काम. त्यांच्यासमोर बसल्यावर नेमकं काय विचारायचं, एवढं तरी यातून हाती लागावं.

एमएसचा आणि व्हिटॅमिन डीचा संबंध जोडला कुणी आणि कशावरून?

सुरुवात नकाशावरून झाली. विषुववृत्तापासून जसजसं दूर जावं तसतसं एमएसचं प्रमाण वाढत जातं, हे फार पूर्वीच लक्षात आलं होतं. दूर गेलं की ऊन कमी, आणि ऊन कमी की त्वचेत तयार होणारं डीही कमी. हा धागा १९७४ मध्ये एका शोधनिबंधात स्पष्टपणे मांडला गेला. नॉर्वेने त्याला आणखी बळ दिलं. तिथल्या उत्तरेकडच्या मासेमारीच्या किनाऱ्यावर एमएस अपेक्षेपेक्षा कमी आढळला, आणि तेलकट मासे हा तर आहारातून डी मिळण्याचा सर्वांत चांगला मार्ग.

नकाशावरून अंदाज बांधता येतो, सिद्ध काही होत नाही. त्यामुळे पुढे माणसांवर लक्ष ठेवणारे अभ्यास झाले. २००४ मध्ये अमेरिकेतल्या परिचारिकांच्या दीर्घकालीन अभ्यासातून असं दिसलं की गोळ्यांमधून रोज ४०० युनिट किंवा त्याहून जास्त डी घेणाऱ्या स्त्रियांना एमएस होण्याचा धोका सुमारे ४० टक्क्यांनी कमी होता. २००६ चा अभ्यास त्याहून मोठा. अमेरिकी सैन्यातल्या ७० लाखांहून अधिक लोकांचे रक्तनमुने साठवलेले होते. त्यांतल्या ज्या २५७ जणांना पुढे एमएस झाला, त्यांची आजाराआधीची डीची पातळी तपासली गेली. गोऱ्या सैनिकांमध्ये सर्वाधिक पातळीच्या गटाला सर्वांत कमी पातळीच्या गटापेक्षा ही शक्यता ६२ टक्क्यांनी कमी निघाली. कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक सैनिकांत मात्र असा संबंध दिसला नाही. हे शेवटचं वाक्य पुढे पाठवल्या जाणाऱ्या मेसेजमधून नेहमीच गळतं.

सर्वांत वजनदार पुरावा जनुकांचा आहे. काही लोकांची डीची पातळी आनुवंशिक कारणांनी आयुष्यभर थोडी कमीच राहते. अशा लोकांना एमएसचा धोका जास्त असल्याचं २०१५ पासूनच्या अभ्यासांत दिसलं आहे. जनुकं आजारामुळे बदलत नाहीत, त्यामुळे "आजारी माणूस घराबाहेर पडत नाही म्हणून त्याचं डी कमी" हा आक्षेप इथे टिकत नाही.

म्हणजे डी कमी होतं म्हणूनच मला एमएस झाला?

नाही. जगातल्या कोट्यवधी लोकांचं डी कमी आहे आणि त्यांतल्या बहुतेकांना एमएस कधीच होत नाही. एमएस व्हायला बऱ्याच गोष्टी जुळून याव्या लागतात. प्रतिकारशक्तीशी संबंधित एचएलए गटातलं एक जनुक असतं, धूम्रपान असतं, किशोरवयातला लठ्ठपणा असतो. शिवाय एप्स्टाइन-बार विषाणू आहेच. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या विषाणूचा संसर्ग झाल्यानंतर एमएसचा धोका ३२ पटींनी वाढल्याचं दिसलं. डीचा परिणाम त्याच्या जवळपासही जात नाही. तरुणपणी उन्हात खेळले नाही, मासे खाल्ले नाहीत म्हणून हे झालं, असा हिशेब मांडत बसू नका. कुणी तुमच्यासमोर मांडत असेल तर त्यालाही थांबवा.

डीच्या गोळ्यांनी एमएस आटोक्यात येतो का?

या प्रश्नाला सगळ्यांनाच "हो" ऐकायचं असतं, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

आधी निरीक्षणांतून काय दिसलं ते. ज्यांच्या रक्तात डी जास्त, त्यांच्या एमआरआयमध्ये नवे चट्टे (आजाराने झालेल्या जखमांच्या खुणा) कमी आणि रिलॅप्सही (लक्षणं नव्याने उफाळून येणं) कमी. २०१४ मध्ये आलेल्या एका विश्लेषणात पातळीत लिटरमागे ५० नॅनोमोलची वाढ असेल तर नवे सक्रिय चट्टे ५७ टक्क्यांनी कमी दिसले. आकडा मोठा आहे आणि लोकांच्या तोंडी तोच बसला. पण हिंडता-फिरता माणूस उन्हात जास्त जातो. ज्याचा आजार जोरात आहे तो घरात राहतो. डीमुळे आजार सौम्य, की आजार सौम्य म्हणून डी जास्त, हे निरीक्षणातून सांगता येत नाही. त्यासाठी चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून एकाला गोळी आणि दुसऱ्याला हुबेहूब तशीच रिकामी गोळी द्यावी लागते.

अशा चाचण्या झाल्या. सोलर चाचणीत इंटरफेरॉन हे एमएसचं औषध चालू असलेल्या रुग्णांना रोज सुमारे १४,००० युनिट डी दिलं गेलं. नवे चट्टे काहीसे कमी झाले, पण ज्या मुख्य निकषासाठी चाचणी आखली होती त्यात फरक पडला नाही. विडॅम्स चाचणीत ग्लॅटिरामर हे एमएसचं दुसरं औषध घेणाऱ्यांना रोज ५,००० किंवा ६०० युनिट दिले. रिलॅप्समध्ये फरक नाही. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या प्रिव्हान्झ चाचणीत एमएसच्या पहिल्याच झटक्यानंतरच्या लोकांना रोज १,०००, ५,००० किंवा १०,००० युनिट देऊन पाहिले. तिथेही काही हाती लागलं नाही.

मग मार्च २०२५ मध्ये फ्रान्समधली डी-ले चाचणी प्रसिद्ध झाली आणि चर्चेला पुन्हा तोंड फुटलं. पहिला झटका नुकताच आलेल्या आणि एमएसचं दुसरं कुठलंही औषध न घेणाऱ्या ३१६ जणांना दर दोन आठवड्यांनी १ लाख युनिट किंवा रिकामी मात्रा, अशी दोन वर्षं दिली. आजाराची हालचाल डीच्या गटात ६०.३ टक्के लोकांत दिसली, दुसऱ्या गटात ७४.१ टक्के लोकांत. फरक खरा आहे, पण तो मुख्यतः एमआरआयवर दिसला. रिलॅप्सच्या संख्येत ठोस फरक आढळला नाही. आणि तोच आकडा उलट्या बाजूने वाचा: इतका मोठा डोस घेऊनही १० पैकी ६ जणांत आजार हललाच.

माझं मत विचाराल तर असं: अगदी सुरुवातीच्या टप्प्यात, दुसरं औषध चालू नसताना, डीचा थोडा परिणाम होत असावा. आजच्या प्रभावी औषधांवर असलेल्या माणसाला त्यातून वर काही मिळतं, असं कुठल्याही चाचणीने दाखवलेलं नाही. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या मार्गदर्शक सूचना तर सरळ सांगतात की केवळ एमएसवर उपचार म्हणून व्हिटॅमिन डी देऊ नये. एमएसचं औषध थांबवून डीवर भरवसा ठेवणं हा शुद्ध जुगार आहे. थांबवलेल्या काळात झालेलं नुकसान नंतर औषध सुरू करून भरून निघेल याची खात्री नसते.

मग न्यूरॉलॉजिस्ट डी लिहून तरी का देतात?

हाडांसाठी. हे कारण ऐकायला साधं वाटतं, पण एमएसमध्ये ते फार महत्त्वाचं आहे. चालणं कमी झालं की हाडांवर भार पडत नाही आणि ती विरळ होत जातात. रिलॅप्ससाठी पुन्हा पुन्हा स्टिरॉइड घ्यावे लागले तर त्यात भर. त्यातच तोल जातो, पाय अडखळतो, रात्री लघवीसाठी घाईने उठावं लागतं, म्हणजे पडण्याची शक्यताही जास्त. ठिसूळ हाडं आणि पडणं हे दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला आलं की मांडीचं हाड मोडतं, आणि मग एमएसने जे हिरावलं नव्हतं ते चालणं अंथरुणात पडून जातं. चालताना आधार लागत असेल किंवा स्टिरॉइडचे बरेच कोर्स झाले असतील तर हाडांची घनता मोजणाऱ्या डेक्सा स्कॅनबद्दल स्वतःहून विचारा. न्यूरॉलॉजीच्या भेटीत हा विषय बऱ्याचदा राहून जातो.

तपासणी कोणती करायची आणि रिपोर्ट कसा वाचायचा?

तपासणीचं नाव २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी. शरीरात किती साठा आहे ते यातून कळतं. १,२५-डायहायड्रॉक्सी अशी दुसरीही तपासणी असते. ती मूत्रपिंडाच्या आणि कॅल्शियमच्या खास तक्रारींसाठी आहे. कमतरता पाहायला ती उपयोगाची नाही, कारण साठा रिकामा होत आला तरी ती व्यवस्थित दिसू शकते.

रिपोर्ट हातात आला की आकड्याआधी एकक बघा. काही लॅब मिलिलिटरमागे नॅनोग्रॅममध्ये देतात, काही लिटरमागे नॅनोमोलमध्ये. पहिल्या आकड्याला अडीचने गुणलं की दुसरा मिळतो. म्हणजे २० नॅनोग्रॅम आणि ५० नॅनोमोल ही एकच पातळी. एका रुग्णाचा "५०" आणि दुसरीचा "२०" यांची तुलना करून कोणाचं चांगलं यावर वाद रंगलेले पाहिले आहेत; दोघींची पातळी तंतोतंत सारखी.

आणखी एक खाचखळगा आहे, तो विशेषतः एमएसच्या रुग्णांसाठी. मोठ्या डोसचं बायोटिन एमएसवर काही काळ आशेचं औषध मानलं गेलं होतं, रोज ३०० मिलिग्रॅम. मोठ्या चाचणीत ते फोल ठरलं, पण काहीजण अजूनही घेतात; केस-नखांच्या गोळ्यांमध्येही बायोटिन असतं. अनेक लॅबच्या यंत्रांमध्ये बायोटिनवरच आधारलेली पद्धत वापरतात, त्यामुळे रक्तात बायोटिन जास्त असेल तर डीची पातळी खोटी वाढलेली दिसू शकते. थायरॉइडचे आकडेही बिघडतात. तपासणीआधी बायोटिन किती दिवस बंद ठेवायचं ते डॉक्टरांना किंवा लॅबला विचारून घ्या, आणि ते घेता हे सांगायला विसरू नका.

पातळी नेमकी किती असायला हवी?

यावर तज्ज्ञांचं एकमत नाही. अमेरिकेच्या वैद्यकीय अकादमीच्या २०११ च्या अहवालानुसार हाडांसाठी २० नॅनोग्रॅम बहुतेकांना पुरतात आणि १२ च्या खाली स्पष्ट कमतरता. त्याच वर्षी तिथल्या एंडोक्राइन सोसायटी या हॉर्मोनतज्ज्ञांच्या संघटनेने ३० ची रेषा आखली होती. २०२४ च्या नव्या मार्गदर्शक सूचनांत त्यांनी स्वतःच तिचा आग्रह सोडला. एमएस पाहणारे बरेच डॉक्टर ३० ते ५० च्या दरम्यान ठेवणं पसंत करतात. त्याने कुणाचं बिघडत नाही. १०० गाठण्याच्या मागे लागू नका. तिथे पोचून एमएसला काही फायदा झाल्याचं दिसलेलं नाही.

रोज किती युनिट घ्यायचे?

निरोगी प्रौढांसाठी शिफारस रोज ६०० युनिटची, सत्तरीनंतर ८०० ची, आणि देखरेखीशिवाय घेण्याची वरची मर्यादा ४,००० ची. कमतरता असेल तर डॉक्टर काही आठवडे मोठी मात्रा देऊन मग रोजच्या मात्रेवर आणतात. वजन जास्त असेल तर तेवढीच पातळी गाठायला दुप्पट-तिप्पट लागू शकते, कारण डी चरबीत साठून राहतं. पाकिटावर मायक्रोग्रॅम लिहिलं असेल तर ४० ने गुणा: २५ मायक्रोग्रॅम म्हणजे १,००० युनिट.

जेवणाबरोबर घ्या, अनशापोटी नको. थोडी चरबी असली की शोषण चांगलं होतं. आठवड्याची मोठी गोळी असेल तर तिचा वार ठरवून तो पाकिटावर पेनने लिहून ठेवा. एमएसमध्ये विसराळूपणा असू शकतो आणि आठवड्याची गोळी रोज घेतली जाण्याचे प्रकार खरोखर घडतात. वर्षातून एकदाच भलामोठा डोस घेण्याची कल्पना सोयीची वाटते खरी, पण वृद्ध स्त्रियांना वर्षातून एकदा ५ लाख युनिट दिलेल्या चाचणीत पडणं आणि हाडं मोडणं दोन्ही वाढलं होतं.

जास्त झालं तर काय होतं? जीवनसत्त्वच आहे ना?

जास्तीचं डी लघवीवाटे निघून जात नाही. ते आतड्यातून कॅल्शियम ओढून घेत राहतं आणि रक्तातलं कॅल्शियम वाढतं. मग तहान, सारखी लघवी, बद्धकोष्ठता, मळमळ, थकवा, स्नायूंत अशक्तपणा, डोक्यात गोंधळ. ही यादी पुन्हा एकदा वाचा. यातली निम्मी लक्षणं एमएसचीच वाटतात. म्हणून विषबाधेला "रिलॅप्स आला" समजलं जातं आणि बरं वाटावं म्हणून माणूस डोस आणखी वाढवतो. मोठ्या मात्रेवर असताना अशी लक्षणं सुरू झाली तर सर्वांत आधी कॅल्शियम आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) तपासून घ्या. मुतखडे होतात, मूत्रपिंडाला कायमची इजाही होऊ शकते. विषबाधा सहसा पातळी १५० नॅनोग्रॅमच्या वर गेल्यावर दिसते, आणि गोळी बंद केल्यावरही साठा ओसरायला आठवडे, कधी महिने जातात.

रोज हजारो युनिट देणाऱ्या "कोइंब्रा प्रोटोकॉल"बद्दल ऐकलं आहे. करून पाहावा का?

ब्राझीलमध्ये सुरू झालेली ही पद्धत आहे. त्यात डीचे प्रचंड डोस, कॅल्शियम जवळपास वर्ज्य असलेला आहार आणि रोज भरपूर पाणी असं सगळं असतं. आहारावरची बंधनं कशासाठी, तर एवढ्या डोसमुळे कॅल्शियम चढणार हे गृहीतच धरलेलं असतं. एमएसवर याचा उपयोग होतो असं तुलनात्मक चाचणीतून दिसलेलं नाही. "मला फरक पडला" असं सांगणारे भेटतील आणि ते खोटं बोलत नसतील. रिलॅप्स येऊन आपोआप ओसरणं हा एमएसचा स्वभावच आहे. मी तरी कुणाला हा मार्ग सुचवणार नाही.

उन्हात बसून भागणार नाही का? मला तर उन्हाने जास्तच त्रास होतो.

इथे खरी अडचण आहे. त्वचेत डी तयार करणारे यूव्हीबी किरण सूर्य वर असतानाच पुरेसे पोचतात. सोपी खूण म्हणजे तुमची सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असणं. सकाळच्या कोवळ्या उन्हात सावली लांब असते, त्यामुळे ते सुखद असलं तरी डीच्या दृष्टीने फारसं कामाचं नाही. बंद खिडकीच्या काचेतून येणारं ऊनही नाही. काच यूव्हीबी जवळपास सगळं अडवते. आणि दुपारचं ऊन म्हणजे उष्णता. अंग तापलं की नजर धूसर होते, पाय जड पडतात. १८९० मध्ये उथॉफ या जर्मन नेत्रतज्ज्ञाने हे नोंदवलं, म्हणून त्याला उथॉफचा परिणाम म्हणतात. घाबरण्यासारखं नाही. मायलिन, म्हणजे वरचं आवरण, गेलेल्या नसेतून संदेश गरमीत नीट जात नाही, अंग थंड झालं की पूर्ववत होतं, नवा चट्टा पडत नाही.

सोसत असेल तर हातपाय उघडे ठेवून थोडा वेळ बसा, जवळ पाणी आणि उठायला मदत असू द्या. सावळ्या त्वचेला तेवढंच डी बनवायला जास्त वेळ लागतो. सोसत नसेल तर हट्ट नको, गोळीने काम होतं. एमएससाठी फिंगोलिमॉड किंवा त्या गटातली औषधं चालू असतील तर त्वचेच्या कर्करोगाचा धोका वाढतो, त्यामुळे ऊन बेतानेच घ्यायचं.

डी वाढलं की थकवा जाईल?

कमतरता खूप असेल तर काही प्रमाणात. डी फार कमी असलं की स्नायू दुखतात, जिना चढताना मांड्यांत जोर राहत नाही. तो भाग सुधारतो. एमएसचा स्वतःचा थकवा वेगळा. त्याची मुळं झोप, औषधं, नैराश्य, थायरॉइड, बी१२ अशा बऱ्याच ठिकाणी शोधावी लागतात.

डी२ की डी३? आणि के२, मॅग्नेशियम?

डी२ आणि डी३ ही व्हिटॅमिन डीचीच दोन रूपं; घ्यायचं ते डी३. त्याने पातळी जास्त वाढते आणि जास्त टिकते. डी३ बहुतेक वेळा मेंढीच्या लोकरीतल्या मेणापासून बनतं. ते नको असेल तर दगडफुलासारख्या लायकेनपासून बनवलेलं मिळतं. व्हिटॅमिन के२ एमएससाठी आवश्यक असल्याचा पुरावा नाही, आणि रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर व्हिटॅमिन के घेण्याआधी विचारणं अनिवार्य. मॅग्नेशियमची कमतरता असेल तरच.

माझ्या इतर औषधांशी डीचं जमतं का?

एमएसच्या नेहमीच्या औषधांशी काही वाकडं नाही. लक्ष ठेवायचं ते दुसरीकडे. चेहऱ्यात विजेसारखी कळ येते म्हणून कार्बामाझेपिन चालू असेल, किंवा फिटसाठी फेनिटॉइन, तर ही औषधं शरीरातलं डी लवकर संपवतात. मात्रा वाढवावी लागू शकते. रक्तदाबाच्या थायाझाइड गोळ्या उलट कॅल्शियम चढवतात. हृदयासाठी डिगॉक्सिन असेल तर वाढलेलं कॅल्शियम धोक्याचं ठरतं. मुतखड्याचा किंवा सार्कॉइडोसिसचा (अवयवांत दाहाच्या बारीक गाठी होणारा आजार) इतिहास असेल तर तो न विचारता सांगा.

मला एमएस आहे, मी गरोदर आहे. बाळासाठी डी घेऊ का?

गरोदरपणात कमतरता राहू देऊ नये, एमएस असो वा नसो. फिनलंडमधल्या २०१६ च्या अभ्यासात गरोदरपणी ज्यांची पातळी १२ नॅनोग्रॅमच्या खाली होती, त्यांच्या मुलांना पुढे एमएस होण्याचा धोका जवळपास दुप्पट दिसला. सगळ्या अभ्यासांत मात्र असं आढळलेलं नाही. दुप्पट ऐकून धडकी भरते, पण मुळात एमएस असलेल्या आईच्या मुलाला एमएस होण्याची शक्यता शंभरात दोन-तीन इतकीच असते. प्रसूतितज्ज्ञांनी सांगितलेली मात्रा पुरे. मोठे डोस स्वतःच्या मनाने घेऊ नका. घरातल्या इतर मुलांनाही वयाप्रमाणे ठरलेली नेहमीची मात्राच द्यायची.

पातळी आता नीट आली आहे. गोळी बंद करू?

ज्या कारणाने ती कमी झाली होती ते कारण गेलं असेल तर. बहुतेकांचं गेलेलं नसतं. घराबाहेर पडणं तितकंच, आहार तोच. रक्तातलं २५-हायड्रॉक्सी डी दोन-तीन आठवड्यांत निम्म्यावर येऊ लागतं, त्यामुळे गोळी सुटली की काही महिन्यांत आकडा पुन्हा खाली जातो. मोठी मात्रा थांबवून रोजची छोटी मात्रा चालू ठेवणं हा नेहमीचा मार्ग. मात्रा बदलल्यावर तीन महिन्यांच्या आत पुन्हा तपासू नका, तोवर पातळी स्थिरावलेली नसते. त्यानंतर वर्षातून एकदा पुरे, आणि ती तपासणी हिवाळा संपताना करा. वर्षातली सर्वांत खालची पातळी तेव्हाच सापडते.